कोल्हापूर, फ्लॉरेन्स आणि ‘इथली’ रेड वाइन

कोल्हापूरचा कोणी तरुण इटलीला निघाला की निरोप देणारी वडीलधारी माणसे एक गोष्ट आवर्जून सांगतात : फ्लॉरेन्सला गेलास तर महाराजांच्या छत्रीचे दर्शन घेऊन ये. दुसरी गोष्ट मात्र त्याला कोणी सांगत नाही. सायंकाळी एखाद्या साध्या खाणावळीत तो जेवायला बसतो, वाढपी विचारतो ‘रोस्सो ओ बियांको?’, म्हणजे तांबडी की पांढरी, आणि या प्रश्नाचे काय करायचे ते त्याला ठाऊक नसते. शिष्यवृत्तीचे पैसे मोजून आणलेले असतात. घरी या विषयाचे नाव निघालेले नसते. कार्डावरची नावे वाचता येत नाहीत, म्हणून तो सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त ही दोन टोके सोडून मधल्या किमतीवर बोट ठेवतो. जगभरचे संकोची पाहुणे हेच करतात.

हा धागा त्या बोटाविषयी आहे. ज्याला प्यायची नाही त्याने पाणी मागावे. त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याला परक्या मुलखातली तांबडी वाइन एकदा चाखून पाहायची आहे आणि खिसा बेताचा आहे, त्याला चवीच्या पोथ्यांपेक्षा इतिहासाचा उपयोग अधिक होतो. कारण ‘स्वस्त’ आणि ‘स्थानिक’ हे दोन्ही शब्द ऐतिहासिक आहेत.

आरंभ फ्लॉरेन्सहून न करता कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयापासून केलेला बरा. तिथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४-४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा जो संचय सापडला, त्यातली ही मूर्ती. पुढे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्याच टेकाडाचे पद्धतशीर उत्खनन केले. मूर्ती देखणी असल्याने सर्वांची नजर तिच्यावर खिळते. त्याच संचयात रोमन घडणीची भांडीही होती, आणि त्यांत मद्य ओतण्याचा, मुठीचा एक सुबक जग होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास इटलीत मेजावर ठेवला जाणारा जग सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी आला होता. कोल्हापूरचा तरुण फ्लॉरेन्सच्या मेजावर बसून अवघडतो, तेव्हा त्याच्या गावाची या मेजाशी ओळख दोन हजार वर्षांची असते.

त्या जगातून कोल्हापुरात खरोखर मद्यच ओतले गेले की पाणी, हा प्रश्न बाजूला ठेवू. मद्य मात्र येत होते. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी पुस्तिकेत बारिगाझा, म्हणजे भडोच, बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य येते आणि पसंतीक्रमही येतो : आधी इटलीचे, मग लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या अंतर्भागातील बाजारपेठांचा उल्लेख त्याच पुस्तिकेत थोडा पुढे आहे. पश्चिम भारतातील अनेक स्थळी सापडलेली मद्यकुंभांची खापरे दीर्घकाळ सरसकट ‘रोमन’ म्हणून नोंदली गेली. रोबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली काही मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर फासलेल्या उंच रांजणांची निघाली. परदेशी म्हटले की रोमन, ही आपलीच घाई होती. वाइनच्या दुकानात परदेशी म्हटले की फ्रेंच, असे जे होते त्याचीच ही जुनी आवृत्ती.

रोमन जगातही परवडण्याचा प्रश्न होताच. पाँपेई येथील हेडोने नावाच्या स्त्रीच्या मद्यगृहाच्या संदर्भात भिंतीवर खरडलेला एक मजकूर सापडला आहे. त्याचा आशय असा की एका ‘आस’ला इथे प्यायला मिळेल, दोन दिले तर अधिक चांगले मिळेल, आणि चार दिले तर फालेर्नियन मिळेल. आस हे तांब्याचे हलके नाणे. फालेर्नियन हे कंपानिया प्रांतातील, त्या काळी सर्वांत नामांकित मद्य. या तीन ओळींत पुढच्या दोन हजार वर्षांचे दरपत्रक आहे. पहिल्या पायरीला गाव नाही, दुसरीलाही नाही. गावाचे नाव चौथ्या नाण्याला उगवते. पिणाऱ्याने पैसे द्रवाचे किती मोजले आणि नावाचे किती, हे ओळखता आले की निवडीचे निम्मे काम होते.

आता फ्लॉरेन्स. १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) विलायतेला गेले. वय अवघे वीस. इंग्लंडमधील मुक्काम आटोपून युरोपखंडातून परतीच्या वाटेवर असताना ते फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच निवर्तले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होती. रोम त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ताब्यात आले होते आणि राजधानी अजून तिकडे हलायची होती. त्या नगरीत हिंदू पद्धतीने दहन कोणी पाहिलेले नव्हते. खास परवानगी मिळवून कास्चिने उद्यानाच्या टोकाला, जिथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते, तिथे रात्री अग्निसंस्कार झाला. संगमाचीच जागा शोधली गेली. प्रयाग चिखलीचा संगम ज्यांच्या गावाच्या उशाशी आहे, त्यांना यामागचे कारण सांगावे लागत नाही. महाराजांची दैनंदिनी सोबत गेलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी रेखला तेच. छत्रीखालचा अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. शेजारून आर्नो ओलांडणाऱ्या आधुनिक पुलालाही लोक ‘इंदियानो’चा पूल म्हणतात.

महाराज ज्या फ्लॉरेन्समध्ये वारले, त्या नगरीच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत आजही दगडी चौकटीच्या लहान खिडक्या दिसतात. उंची जेमतेम एक बाटली जाईल एवढी, माथा कमानदार. पाहुण्याला त्या देवळ्या वाटतात. काहींत नंतर खरोखर मूर्ती बसवल्याही गेल्या. त्यांचे नाव ‘बुकेत्ते देल व्हिनो’, मद्याची भोके. तोस्कानातील जमीनदार घराण्यांना सोळाव्या शतकात आपल्या मळ्यांतली वाइन राहत्या वाड्यातून थेट विकण्याची मुभा मिळाली, आणि त्यांनी मधला दुकानदार वगळला. रस्त्यावरचा माणूस खिडकीवर ठोठावी, रिकामी सुरई आत देई, नाणी ठेवी, भरलेली सुरई घेऊन जाई. १६३० च्या प्लेगच्या साथीत या खिडक्यांचा आणखी एक उपयोग कळला : विकणाऱ्याला घेणाऱ्याचा स्पर्श होत नसे. २०२० च्या करोनाकाळात त्यांतल्या काही पुन्हा उघडल्या, ही बातमी अनेकांना आठवत असेल.

कोल्हापूरकराला ही व्यवस्था परकी वाटू नये. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार समोर काढली जाते आणि पेला हातात येतो. बाटली नाही, छाप नाही, जाहिरात नाही. जिथे माल आणि गिऱ्हाईक यांच्यात कोणी नाही, तिथे स्वस्तपणा हे कमअस्सलपणाचे लक्षण ठरत नाही.

हीच खिडकी आज वेगळ्या रूपाने टिकून आहे. इटलीच्या गावांत ‘व्हिनो स्फूझो’ची, म्हणजे सुट्या वाइनची दुकाने असतात, आपली बाटली न्यावी आणि घाण्यावरून तेल आणावे तशी भरून आणावी. खाणावळीत ‘व्हिनो देल्ला काझा’, घरची वाइन, काचेच्या किंवा मातीच्या सुरईतून येते. एकट्याला पाव लिटर पुरते, त्याला ‘क्वार्तिनो’ म्हणतात. ती बहुधा जवळच्याच टेकडीवरची असते. सर्वच खाणावळींत ती चांगली असते असे नाही. चौकातल्या, पाच भाषांत कार्ड छापलेल्या खाणावळीत तर तिच्या वाटेला जाऊ नये. पण जिथे शेजारच्या मेजावर गावची माणसे जेवत आहेत आणि त्यांच्यापुढेही तीच सुरई आहे, तिथे बेताच्या खिशाच्या प्रवाशाने दुसरा विचार करण्याचे कारण नाही.

बाटलीच घ्यायची झाली तर चिठ्ठी वाचावी लागते, आणि चिठ्ठी हा ऐतिहासिक दस्तऐवज असतो. १७१६ मध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने हुकूम काढून चार प्रदेशांच्या सीमा आखल्या : किआंती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचे वाल्दार्नो. या सीमेबाहेरचे मद्य या नावाने विकायचे नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले २०१४ मध्ये, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये. बाजारात कुठलाही गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून खपतो ही व्यापाऱ्यांची जुनी तक्रार ज्याने ऐकली आहे, त्याला कोसिमोच्या हुकमाचे प्रयोजन तात्काळ कळेल.

महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, बेत्तिनो रिकासोली याने पिसाच्या एका प्राध्यापकाला पत्र लिहून किआंती कशी असावी हे नोंदवले. हा रिकासोली एकीकृत इटलीचा दोन वेळा पंतप्रधान झालेला आणि ब्रोलिओच्या गढीत वर्षानुवर्षे द्राक्षांचे प्रयोग केलेला. मुख्य आधार सांजोव्हेझे या काळ्या द्राक्षाचा, त्यात थोडे कानाइओलो, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष. आज ‘परंपरागत’ म्हणून जी चव विकली जाते, तिची कृती एका राजकारणी जमीनदाराने अशी कागदावर उतरवली होती. परंपरा फार प्राचीन असल्याचा आव जो विक्रेता आणतो, त्याच्याकडे थोड्या संशयाने पाहावे.

सीमा पुढे फुगली. १९३२ मध्ये किआंतीचे क्षेत्र दूरवर वाढवले गेले आणि मूळच्या गाभ्याला ‘क्लासिको’ हे विशेषण चिकटले. काळ्या कोंबड्याचे चिन्ह त्या गाभ्यातल्या उत्पादकसंघाचे, १९२४ पासूनचे. आज कोंबड्याच्या बाटलीला अधिक दाम पडतो. रूफिना किंवा कोल्ली सेनेसी असे उपनाव लिहिलेली साधी किआंती सहसा त्याहून स्वस्त असते. त्यात रूफिनाला गंमत अशी, की १७१६ च्या हुकमातले पोमिनो तिच्याच शेजारात आहे. नामांकित गावाच्या कुशीतले कमी बोलबाल्याचे गाव निवडावे, हा नियम इथे लागू पडतो आणि इतरत्रही. माँताल्चिनोची ब्रुनेल्लो विद्यार्थ्याला झेपत नाही. त्याच टेकडीवरची, त्याच द्राक्षाची, कमी काळ मुरवलेली ‘रोस्सो दी माँताल्चिनो’ एखाद्या सणाच्या दिवशी झेपू शकते.

डीओसीजी, डीओसी, आयजीटी ही अक्षरे म्हणजे सरकारी नियमांच्या उतरत्या पायऱ्या. त्यांवरून चवीची उतरंड मात्र लावू नये. तोस्कानाच्या किनाऱ्याकडील सास्सिकाया ही वाइन १९६८ च्या हंगामापासून बाजारात आली. द्राक्षे फ्रेंच वाणांची, त्यामुळे कोणत्याच चौकटीत न बसणारी. म्हणून तिच्यावर कित्येक वर्षे सर्वांत खालचा, ‘मेजावरची वाइन’ हा शिक्का होता. आज तिची किंमत शेकडो युरोंत असते.

आणि चव? सांजोव्हेझेची वाइन आंबटसर आणि तुरट असते. तुरटपणा जांभळाच्या जातीचा, जीभ किंचित आखडवणारा. नुसती प्यायली तर पहिल्यांदा पिणाऱ्याला ती आवडेलच असे नाही, आणि पुष्कळांचा हिरमोड इथेच होतो. ती जेवणासोबतची आहे. मटणाच्या तांबड्या रश्श्यावर लिंबू पिळल्याने जे होते, तेच ही वाइन तेलकट, मांसल जेवणाबरोबर करते.

इथवर सारे सुरेख चित्र झाले. त्या सुरईत कोणाचा घाम होता, हे विचारल्यावाचून इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती रिकामी करू नये. तोस्कानाच्या टेकड्या शतकानुशतके ‘मेझाद्रिया’ पद्धतीने कसल्या गेल्या. मेझाद्रिया म्हणजे निम्म्या वाट्याची शेती. आपल्याकडे अर्धेली म्हणतात तीच. जमीन मालकाची, राबणूक कुळाच्या सगळ्या कुटुंबाची, पीक निम्मेनिम्मे. वाड्याच्या खिडकीतून विकली जाणारी वाइन ही मालकाच्या वाट्याची. कुळाच्या घरी पुष्कळदा पिळून झालेल्या चोथ्यावर पाणी घालून केलेले फिके पेय असे. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. इटलीत नवे मेझाद्रिया करार करण्यास बंदी आली ती १९६४ मध्ये. त्यानंतर माणसे शहरांकडे गेली, पुष्कळ मळे ओस पडले, आणि जी गावे तगली त्यांतल्या काहींना सहकाराने हात दिला. मॉन्तेपुल्चानोची ‘व्हेक्किया कान्तिना’ ही उत्पादकांची सहकारी संस्था तर १९३७ पासूनची. ‘कान्तिना सोचाले’ हे शब्द बाटलीवर दिसले की वारणा आणि गोकुळ आठवावे : लहान शेतकरी, एकत्र संकलन, माफक दर. अशी बाटली बहुधा दगा देत नाही, आणि तिचे पैसे कोणाकडे जातात हेही कळते.

इतर देशांत अशाच खुणा शोधाव्या लागतात. स्पेनमध्ये दुपारच्या ठराविक दराच्या जेवणात अनेक ठिकाणी वाइन धरलेली असते. या प्रथेचे मूळ फ्रँकोच्या राजवटीत, १९६० च्या दशकात पर्यटकांसाठी बांधून दिलेल्या थाळीत आहे. पॅरिसचा किस्सा अधिक ज्वलंत आहे. १७८० च्या दशकात शहराभोवती जकातीची भिंत उभारली गेली आणि आत येणारी वाइन महागली. गरीब लोक नाक्याबाहेर जाऊन पिऊ लागले. जुलै १७८९ मध्ये बास्तीय पडण्याच्या आदल्या दिवसांत जमावाने जाळले ते हेच जकातनाके. स्वस्त वाइन हा क्षुल्लक विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ती राख आठवावी.

मग एक प्रश्न उरतो, आणि तो घरचा आहे. तोस्कानात ‘इथली’ म्हणजे अभिमानाची. आपल्याकडे ‘देशी’ हा शब्द दारूच्या आधी लागला की तो हलकेपणाचा होतो. हे आपोआप झाले नाही. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने गावोगावचे गाळप मोडून ते मोजक्या, कर भरणाऱ्या भट्ट्यांकडे वळवले. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरही निर्बंध आले. रानातले फूल वेचणारा गुन्हेगार ठरू शकला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला; पिण्याचा परवाना ही कल्पना त्याचीच. आणि सरकारी दप्तरात एक वर्ग रुजला : ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’. या चार शब्दांची थट्टा करण्याची गरज नाही, ते स्वतःच पुरेसे आहेत. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे हा दारूबंदीच्या मागणीचा खरा आधार होता आणि आहे. बाटली आडवी करणाऱ्या बायकांचा राग पुस्तकी नव्हता. पण कोणते मद्य सभ्य आणि कोणते असभ्य, ही विभागणी त्या रागातून झालेली नाही. ती महसुलातून झाली.

द्राक्षाच्या बाबतीत महाराष्ट्राने नंतर वेगळी वाट धरली. १९८० च्या दशकात नारायणगावला फेसाळत्या वाइनचे उत्पादन सुरू झाले, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कोल्हापूरच्या शेजारी सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखला गेला. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन ही दारू की शेतमाल, असा वाद पेटला. मोहाची बाजू त्या वादात फारशी कोणी मांडली नाही. द्राक्ष बागाइतदाराचे होते आणि मोह रानातल्या माणसाचा. इटलीतल्या निम्म्या वाट्याचा हिशेब इथे वेगळ्या तराजूत दिसतो.

फ्लॉरेन्सच्या मध्यवस्तीतून ट्रामने कास्चिनेच्या थांब्यावर उतरले, तरी छत्री उद्यानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. झाडांखालून, नदीच्या कडेने बरेच चालावे लागते. वाटेत धावणारी माणसे, सायकली, बाकांवरचे म्हातारे. एखाद्या कोल्हापूरकराच्या पिशवीत सकाळी घेतलेली रूफिनाची बाटली असू शकते; ती पिशवीतच राहते. संगमाशी पोचल्यावर तो पायताण काढतो, कठड्याला हात लावतो, आणि वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या रंगीत अर्धपुतळ्याकडे थोडा वेळ पाहत राहतो. मुन्योनेचे पाणी उन्हाळ्यात अगदी बेताचे असते. रात्री खोलीवर परतल्यावर, पाव आणि चीजचा तुकडा घेऊन, तो बाटली उघडतो. पहिला घोट आंबट लागतो. दुसरा जेवणाबरोबर बरा लागतो.